आयनराव होमरवाले

प्लेटोच्या संवादांत बडेबडे पंडित येतात आणि सॉक्रेटिसच्या हातून सोलून निघतात. माझा जीव मात्र जडलाय तो आयनरावांवर. मुक्काम एफिसस, धंदा होमर. म्हणजे ‘इलियड’च्या १५ हजारांवर ओळी तोंडपाठ करायच्या, उत्सवांत म्हणायच्या आणि वर त्यांचं निरूपणही करायचं. ग्रीक लोक अशांना रॅप्सोड म्हणत. आपले हरदास डोळ्यांपुढे आणा. फक्त भरजरी पोशाख आणि डोक्यावर सोन्याचा मुकुट चढवा.

स्वारी नुकतीच एपिडॉरसच्या उत्सवात पहिलं बक्षीस मारून अथेन्सला आलेली. होमरवर आपल्याइतकं सुरेख कुणालाच बोलता येत नाही, हे ते स्वतःच सांगतात. हेसिअडसारख्या दुसऱ्या कवीचं नाव निघालं की मात्र त्यांना सरळ डुलकी लागते. होमर म्हणा, खडबडून जागे! बरं, या डुलकीची कबुलीही त्यांचीच. आयनरावांकडे लपवाछपवी नाही. ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजाचं, प्रायमचं दुःख गाताना त्यांचे डोळे भरून येतात, आणि त्याच भरल्या डोळ्यांनी ते २० हजारांच्या गर्दीवर नजर ठेवून असतात. लोक रडले तर पैसे घेताना आपण हसायचं. लोक हसले तर रडायची पाळी आपली. रोकडा हिशेब.

मग सॉक्रेटिस परीक्षेला बसवतो. ‘इलियड’च्या २३व्या सर्गात म्हातारा नेस्टर आपल्या पोराला शर्यतीत रथ कसा वळवायचा ते शिकवतो: अंग जरा डावीकडे झुकव, उजव्या घोड्याला टोच, चाकाचा तुंबा खुणेच्या खांबाला लागतो न लागतो इतक्या जवळून ने, पण दगडाला धक्का नको. आयनराव ओळी धडाधड म्हणून दाखवतात. पण हा सल्ला बरोबर की चूक, हे कोण सांगणार? सारथी, बिचारे कबूल करतात. ११व्या सर्गात जखमी मखाऑनला मद्यात बकरीचं चीज किसून देतात, तोंडी लावायला कांदा. (हा मखाऑन स्वतः सैन्याचा वैद्य, तरी तक्रार करत नाही!) त्याचा निवाडा वैद्याकडे. मासेमारीचा कोळ्याकडे, शकुनांचा ज्योतिषाकडे. एकेक करत सगळं गेलं.

दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. आयनराव थेट सेनापतिपदावर दावा सांगतात. चांगला होमरवाला तो चांगला सेनापती. उलट मात्र खरं नाही, सेनापतीला होमर थोडाच जमतो! आणि ही विद्या होमरकडूनच मिळाली म्हणे. मग फौज घेऊन का फिरत नाही? उत्तर तयार: आमचं गाव तुम्हा अथेन्सवाल्यांच्या ताब्यात, आणि तुम्ही बाहेरच्यांना कशाला विचारता? सॉक्रेटिस तिथल्या तिथे अथेन्सने नेमलेल्या तीन परक्या सेनापतींची नावं ऐकवतो.

शेवटी त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरतात: एक तर लबाड ठरा, नाहीतर हे सगळं अंगात आल्यामुळे बोलता आणि कळत काही नाही, असं माना. आयनराव खुशीने दुसरा पर्याय घेतात. अंगात देव येणं केव्हाही जास्त शोभतं.

एक पोथी पाठ झाली की सगळ्या शास्त्रांत गती आली, असं मानणाऱ्यांचे हे मूळपुरुष. तरी सांगतो, होमर ऐकायचा तर सॉक्रेटिसकडे नव्हे, यांच्याकडेच जा. लढाईवर तेवढं त्यांच्यामागे जाऊ नका.