सेन्सर निर्दोष आहे

मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही आटलेल्या तलावात उतरा. गाळाच्या ढिगाशेजारी एखादी पोकलेन बंद पडलेली असते, तिच्या सावलीत दहा-पंधरा माणसं टेकलेली असतात आणि सगळ्यांचं एकमत झालेलं असतं, की सेन्सर गेलाय. एवढं एकमत या जिल्ह्यात कुठल्या निवडणुकीतही होत नाही. कोणता सेन्सर, असं मात्र विचारू नये. रेल प्रेशरचा की पाण्याच्या तापमानाचा, हा तपशील झाला. आणि तपशिलासाठी वायरमनला फोन गेलेला असतोच.

वायरमन मोटारसायकलवर येतो. पिशवीत मल्टिमीटर, टेपच्या गुंडाळ्या आणि दोन वायरी जोडलेला ट्रकचा 24 व्होल्टचा बल्ब. मीटरचं मागचं झाकण कधीच हरवलेलं असतं, त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबचं रबर. मूळचा हा विहिरीवरच्या मोटारी भरणारा. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा इकडेही विहिरींचे तळ दिसत होते. मोटारी चालतच नव्हत्या, तर जळणार कुठून? जलयुक्त शिवाराच्या कामावर पोकलेन मात्र गावोगाव खणत होत्या. 2017 मध्ये गाळमुक्त धरणाची योजना आली आणि याने मोटारींचं दुकान आवरून मीटर उचलला. दुष्काळाने ज्यांचं बरं केलं अशा मोजक्या माणसांत तो मोडतो. चारचौघांत हे तो बोलत नाही, एवढी रीत त्याला कळते.

आल्याआल्या तो मशीनकडे बघतच नाही. माणसांकडे बघतो.

"आधी कुणी हात लावला होता?"

कुणीच नाही. मालक आभाळाकडे बघतो. ऑपरेटर झारखंडचा असतो, तो म्हणतो, "हम तो चाय पी रहे थे, उस्ताद." हेल्पर पाण्याच्या कॅनकडे निघतो. वायरमनचा अनुभव असा, की जो पहिल्यांदा उठतो त्याने हात लावलेला असतो. मग हळूहळू कबुल्या निघतात. परवा बकेटच्या दातांना वेल्डिंग केलं, बॅटरीची तार काढायची राहिली. त्याआधी मशीन पाण्याच्या फवाऱ्याने धुतली, चांगली कनेक्टरच्या आत शिरेपर्यंत. आणि केबिनमध्ये गाण्याचा टेप बसवलाय, तो तर चालतोय की!

टेप निघाला की त्याचा चेहरा खुलतो. पोकलेनमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट करतात. टेप मात्र 12 वर चालतो, म्हणून कुणीतरी हुशार माणूस एकाच बॅटरीवर त्याची तार टाकतो. मग सामाईक शेतात दोघे भाऊ राबावेत आणि कणगीतलं धान्य रोज एकाच्याच वाट्यातून उपसावं, तसं होतं. एक बॅटरी खंगते, दुसरी जास्तीच्या चार्जिंगने तापते आणि अल्टरनेटरला दोघांचंही मन राखता येत नाही. सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. सावलीतले म्हणतात, सेन्सर.

सेन्सरची एवढी बाजू घेणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. स्क्रीनवर एकदम तीन कोड आले, की मेकॅनिक मंडळी तीन सेन्सरची ऑर्डर देतात. हा सांगतो, तिघंही एकाच वेळी कसे मरतील? बऱ्याच सेन्सरांना 5 व्होल्टची एकच लाईन जाते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळी लाईन बसते आणि शेजारचे विनाकारण बदनाम होतात. हा एकेक प्लग काढत जातो. ज्याचा काढल्यावर मीटरवर 5 परत येतात, तो चोर. तापमानाच्या सेन्सरवर संशय असेल, तर तो सोडवून चहाच्या भगुन्यात उकळत्या पाण्यात धरतो. गार असताना हजारांत असलेले ओहम शेकड्यांत उतरले की सेन्सर निर्दोष. तेच पाणी पुढे चहाला वापरतात की नाही, याची चौकशी मी केलेली नाही.

इंग्रजीशी त्याचं फारसं जमत नाही, पण कोडाच्या शेवटचा आकडा तोंडपाठ. 3 म्हणजे व्होल्टेज नको तेवढं चढलं, 4 म्हणजे नको तेवढं उतरलं, 5 म्हणजे करंट धड जाईना. त्याची खरी श्रद्धा मात्र अर्थिंगवर. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचं मायनस आणि इंजिन यांच्यामध्ये तो मीटर धरतो; अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला, की अर्थिंगच्या बोल्टाखालचा गंज घासायला बसतो. रिकाम्या वायरीवर 24 दिसले तरी त्याला पटत नाही. एका तंतूवर लोंबकळणारी वायरही मीटरला 24 दाखवते. बल्बचा भार टाकला की तिचं सोंग उघडं पडतं. ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरच्या, वायरीला मात्र तो बल्ब लावू देत नाही. तिथे कुणी बल्ब नेलाच, तर तो अस्सल बीडच्या भाषेत बोलतो. ते इथे छापण्यासारखं नाही.

एकदा मशीन रेस घेईना आणि स्क्रीन कुणाशी बोलेना. याने चावी बंद केली, कॅनच्या, म्हणजे मशीनमधले कंप्युटर ज्या लाईनवर एकमेकांशी बोलतात तिच्या, दोन वायरींमध्ये मीटर लावला आणि पुटपुटला, "एकशेवीस दाखवायलंय. साठ पाहिजे होते."

शेठ उठूनच उभे राहिले. "एकशेवीस? आवं मिस्त्री, कामून एवढे? साठात बसवा की!"

त्या लाईनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे दोन रेझिस्टर असतात, दोन्ही धरून 60 भरतात. 120 आले म्हणजे एका टोकाचा संबंध तुटला. हे ओहम आहेत, हजार रुपये नव्हेत, हे शेठना पटेपर्यंत दोन चहा झाले. दोष निघाला केबिनच्या मागे, जिथे उंदराने वायरीचं वरचं आवरण खाल्लं होतं आणि आतल्या तांब्याला हिरवा गंज चढून ते तुटलं होतं. वायर जोडली, 60 आले, इंजिनाने रेस घेतली.

आता मजुरीचा प्रसंग. शेठ विचारतात, "बदललं काय?"

काहीच नाही. इथेच त्याचं घोडं अडतं. सेन्सरचा खोका हातात दिला असता तर शेठनी कुरकुर करत का होईना, हजारो रुपये मोजले असते. चार तास उन्हात कुठे काय बिघडलं नाही हे शोधलं, त्याचे पैसे कशाचे? म्हणून आता तो जोडाला लागते त्याच्या तिप्पट टेप गुंडाळतो आणि उंदराने खाल्लेला तुकडा शेठच्या हातात ठेवतो. त्या तुकड्यामुळे मजुरी निम्म्यावर तरी निघते. ज्या वायरमनला हे सुचत नाही, तो शेवटी सेन्सर विकायला लागतो, आणि त्याला तसं करायला आपण लावतो.

तेव्हा पोकलेनवाल्या शेठ मंडळींना विनंती एवढीच, की वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची तार काढा आणि वायरमनचे पैसे पुढच्या बिलावर ढकलू नका. जूनमध्ये पाऊस पडला की त्याच कनेक्टरमध्ये पाणी शिरणार आहे.