जुनं मशीन आहे का?

प्रत्येक सोसायटीत एक होमिओपॅथीवाले, एक शेअरबाजारवाले आणि एक लिनक्सवाले असतात. पहिल्या दोघांना निदान आपण होऊन विचारावं लागतं. लिनक्सवाल्या काकांना भंगारवाल्याची हाक पुरते. खाली हातगाडी थांबली की ते गॅलरीत येतात आणि कोणाकडून काय उतरतंय ते न्याहाळतात. फ्रीज गेला, लोखंडी पलंग गेला, तर खुशाल जाऊ दे. कॉम्प्युटर दिसला की मात्र काका चप्पल न घालता खाली. “अहो, देताय काय हे? कोअर टू ड्युओ आहे! अजून दहा वर्षं हलणार नाही!”

हलत नाही हीच मूळ तक्रार असते, पण ते असो.

काका कुठल्याशा कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झाले. शर्टाच्या खिशात तीन पेनड्राइव्ह, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेननं लिहिलेलं: ‘मिंट’, ‘पपी’, ‘डेबियन बत्तीस’. सगळी लिनक्सचीच रूपं. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा जुना ब्रश आणि नातवाचं खोडरबर. खोडरबराला हसू नका. जुन्या मशीनची रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी कड खोडरबरानं हलक्या हातानं घासायची, फुंकर न मारता ब्रशनं झटकायची आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवायची. नुसतंच बीप-बीप करत बसलेलं धूड एकदाच बीप करून मुकाट सुरू होतं. पुढचं सगळं सोडलं तरी एवढ्या विद्येवर माणूस पोट भरू शकेल. काका चहावर भागवतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि काकांची दिवाळी कॅलेंडरच्या आधीच सुरू झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी अलीकडचा लागतो. घरोघरची चांगली चालती मशीनं बसल्या जागी म्हातारी ठरली. जिन्याखालच्या फलकावर पाणीकपातीच्या सूचनेशेजारी कागद लागला: ‘जुना संगणक फेकू नये. भेटावे.’

पहिल्यांदा सापडल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांचा लॅपटॉप विंडोज ७ च्या जमान्यातला, २ जीबी रॅमचा. काकूंच्या गरजा तीन: नातवाच्या मुंजीचे फोटो, यूट्यूब आणि विजेचं बिल.

“वहिनी, चौसष्ट बिट की बत्तीस?”

“निळा आहे,” काकू म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. बत्तीस बिटवाल्यांचे दिवस वाईट आहेत. उबुंटू नावाच्या लिनक्सनं २०१७ मध्येच डेस्कटॉपसाठी त्यांना दार बंद केलं, आणि डेबियनसारख्या जुन्याजाणत्या घरानंही २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांचा इन्स्टॉलर काढून टाकला. तरी काकांनी बाराव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह जपून ठेवलाय. सुदैवानं काकूंचा निळा चौसष्ट निघाला. फोटोंची कॉपी आधी घेतली (या बाबतीत काका अत्यंत कडक आहेत, आणि त्याबद्दल त्यांचे शंभर गुन्हे माफ), पेनड्राइव्ह लावला आणि बूट मेनूसाठी एफ-२, एफ-९, एफ-१२ आणि एस्केप या चारही कळा दोन्ही हातांनी बडवल्या. कुठल्या कंपनीची कुठली कळ हे त्यांना पाठ आहे, पण पाठांतरावर विसंबायचं नाही असा मेंटेनन्स खात्याचा शिरस्ता.

मेनू आला, एंटर मारला, आणि पडदा काळा ठिक्कर पडला.

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांचा चेहरा मात्र उजळला. “हां! ग्राफिक्स!” त्यांनी बटण दाबून धरून मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, मेनूवर ‘ई’ दाबलं, ‘क्वाएट स्प्लॅश’ लिहिलेल्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ असं टाइप केलं आणि एफ-१० मारलं. चित्र आलं. जरा फुगीर आलं, पण आलं.

मग फायली उतरायला लागल्या आणि सरकपट्टी चाळीस टक्क्यांवर बसली. याच वेळी काकांची कथा सुरू होते. हेलसिंकीचा एक एकवीस वर्षांचा विद्यार्थी, लिनस टॉरवाल्ड्स. १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्यानं जगाला कळवलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही. “आणि आज? तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन, वहिनी, त्याच्या पोटात तेच लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा!” काकूंनी फोन उलटासुलटा करून पाहिला.

खरी गंमत वायफायची. मिंट बसलं, चिप ओळखली गेली, पण तिचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा होता आणि वायफायशिवाय इंटरनेट नव्हतं. “म्हणजे किल्ली आत आणि लॅच लागलं,” काकू म्हणाल्या. इतकं नेमकं निदान काकांनी कुठल्या इंजिनीअरकडूनही ऐकलं नसेल. त्यांनी काकूंचाच मोबाइल केबलनं जोडला, नेट तिकडून घेतलं, आणि ड्रायव्हर उतरला.

सोसायटीच्या ऑफिसात मात्र काकांचे हात टेकले. तिथला डेस्कटॉप दर सकाळी २००९ साली उठायचा, त्यामुळे ब्राउझरला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटायचं आणि तो एकही साइट उघडू देत नव्हता. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा चपटा सेल बदलला, काळ ताळ्यावर आला. सेक्रेटरींचा विंडोजवर जीव, म्हणून दोन्ही ठेवली. तेव्हापासून लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज ती स्थानिक समजून दाखवतं. सकाळी दहाला उपमा खात बसलेल्या खजिनदारांना कॉम्प्युटर पहाटेचे साडेचार दाखवू लागला. एका आज्ञेत सुटणारा प्रश्न; पण काकांनी आधी ग्रिनिच समजावलं. उपमा गार झाला.

पुढे सर्वसाधारण सभेच्या जुन्या नोटिसा उघडल्या तर ‘थकबाकीदार सभासदांस’च्या जागी रोमन अक्षरं आणि टिंबंटाबं. ही लिनक्सची चूक नाही. त्या नोटिसा युनिकोडच्या आधीच्या पठडीतल्या फॉन्टमध्ये होत्या, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठी मुखवटा. फॉन्ट नाही तर मुखवटा नाही. काकांनी हे सभेत सांगितलं. थकबाकीदारांनी टाळ्या वाजवल्या. त्यात प्रिंटर अर्धं पान छापून थांबायचा. अखेर सेक्रेटरींनी विंडोजलाच कायम केलं. काका महिनाभर ऑफिससमोरून मान वळवून जात होते.

काकूंचा लॅपटॉप मात्र बिनबोभाट चालतो. इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आयताच होता, काकू आता मराठीत टाइप करतात. आणि हेच काकांना सोसत नाही. चालतं मशीन बघून त्यांच्या तोंडावरची रया जाते. “अपडेट केलंत? काही एरर? पंखा आवाज करतो का?” प्रत्येकाला नाही, नाही, नाही. चहा न संपवता काका उठतात.

काकूंना ते बघवलं नाही. परवा त्यांनी लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बारकं बटण नखानं मागे सरकवलं आणि फोन केला, “भावोजी, नेट गेलं हो.”

काका दोन मिनिटांत हजर, पिशवीसकट. बटणाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, “कर्नल बदलावं लागणार, वहिनी. चहा टाका.”