नववीच्या पुस्तकातल्या धावपटूस अनावृत पत्र

प्रति,
श्री. धावपटू,
मु. पो. सोडवलेली उदाहरणे, प्रकरण ‘गतीचे नियम’, इयत्ता नववी.

स. न. वि. वि.

सर्वप्रथम त्रिवार अभिनंदन. राज्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही ४०० मीटरची वर्तुळाकार फेरी अवघ्या २५ सेकंदांत मारून निघाल्या जागी परत येता. मुलं तुमची सरासरी चाल सेकंदाला १६ मीटर आणि सरासरी वेग शून्य असं लिहून पान उलटतात. सेकंदाला १६ मीटर म्हणजे ताशी ५७.६ किलोमीटर. वेड व्हॅन निकर्कने २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच अंतराचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्याला ४३.०३ सेकंद लागले होते. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले, त्यातही त्याची कमाल चाल सेकंदाला सव्वाबारा मीटरच्या आसपास होती आणि तीसुद्धा क्षणभरच टिकली. तुम्ही मात्र अख्खी फेरी सोळाच्या सरासरीने मारता. हे पुस्तक काढणारी बालभारती पुण्यातच, सेनापती बापट रस्त्यावर आहे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं बालेवाडीचं क्रीडासंकुलही पुण्यातच आहे. तरी तुमची आणि तिथल्या स्टॉपवॉचची गाठ आजवर कुणी घालून दिलेली दिसत नाही.

पुढच्याच प्रकरणात गतिज ऊर्जेचं सूत्र येतं, म्हणून तुम्हाला त्यातही बसवून पाहू. तुमचं वस्तुमान ६० किलोग्रॅम धरलं, तर वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, म्हणजे ७,६८० ज्यूल. गुणाकार बरोबर, एकक बरोबर, पूर्ण गुण. आता या उत्तराला जमिनीवर आणू, किंवा खरं तर उंचावर नेऊ. बांबूउडीत खेळाडू धावण्यातली ऊर्जा बांबू वाकवून उंचीत बदलतो. सेकंदाला १० मीटर धावणाऱ्याला या हिशेबाने साधारण ५.१ मीटर उंची मिळते. धावताना शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरभर वर असतोच, तो मिळवला की बेरीज सहाच्या किंचित वर जाते. आर्मंड डुप्लांटिसने २०२५ साली टोकियोत केलेला जागतिक विक्रम ६.३० मीटरचा होता. वरची थोडी भर हातांच्या रेट्याची. शाळेतल्या एका ओळीच्या सूत्राने जागतिक विक्रमाची मर्यादा इतक्या जवळून सांगावी, यापेक्षा भौतिकशास्त्राची चांगली जाहिरात दुसरी नाही. याच हिशेबाने तुम्ही मात्र १४ मीटर वर, एखाद्या सोसायटीच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उतराल. माझं म्हणणं एवढंच की, उत्तर आल्यावर ‘हे शक्य आहे का?’ असं विचारलं जात नाही, तोवर गणित सुटलं तरी भौतिकशास्त्र सुरूच झालेलं नसतं.

तुमचे वकील म्हणतील, आकडे भागाकार सुटसुटीत व्हावा म्हणून घेतलेत. मान्य, पण मग ५० सेकंदांनी काय घोडं मारलं होतं? ४०० भागिले ५० बरोबर ८, तोही निःशेष. ही चाल मेहनती धावपटूच्या आवाक्यातली आहे. शिवाय ८च्या जागी १६ घातल्यावर ऊर्जा १,९२० ज्यूलवरून थेट चौपट का होते, हा सूत्रातला खरा मुद्दाही त्यातून आयता हाती लागतो. सोपेपणा आणि खरेपणा यांत इथे भांडण नाहीच. भांडण आहे ते आकडा लिहिताना धावणारा माणूस डोळ्यांसमोर आणण्याचा कंटाळा करण्याशी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भौतिकशास्त्र वस्तूला बिंदू मानूनच पुढे जातं, नववीतल्या मुलाला स्नायूंचं शास्त्र कशाला? बिंदू जरूर माना, पण काय गाळलं ते सांगा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने जुलै २०२४मध्ये पॅरिसला ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. सरासरी चाल सेकंदाला ६.१२ मीटर. ६० किलोच्या धावपटूची या चालीला गतिज ऊर्जा साधारण १,१२० ज्यूल भरते. एक ग्रॅम साखरेत सुमारे १६,००० ज्यूल असतात, म्हणजे सूत्राच्या मते ही शर्यत साखरेच्या काही दाण्यांवर निभावायला हवी. प्रत्यक्षात किलोमागे, किलोमीटरमागे एक किलोकॅलरी या ढोबळ हिशेबाने खर्च साडेसात लाख ज्यूलवर जातो. त्यात २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या धरलेल्याच नाहीत. हा फरक कुठे जातो? प्रत्येक पावलाला शरीर किंचित अडतं आणि पुन्हा ढकलावं लागतं. टेकलेलं पाऊल क्षणभर स्थिर असतं, तेव्हा दुसरा पाय धडापेक्षा वेगाने पुढे फेकला जात असतो. स्नायू खातात त्यातलं बरंचसं उष्णतेत जातं आणि घामावाटे बाहेर पडतं. बिंदूला घाम येत नाही. हे एका वाक्यात सांगितलं, तर नववीतल्या कुठल्याच मुलाला जड जाणार नाही. उलट, एकसारख्या चालीने धावताना गतिज ऊर्जा बदलत नाही, तरी माणूस का दमतो, हा प्रश्न त्याला आपोआप पडेल.

राहता राहिले गुण. सूत्र, किमती, उत्तर, एकक या चार पायऱ्यांना गुण ठरलेले, पाचवीला तपासनीसाकडे वेळ कुठून येणार? तर पाचवी पायरी एका ओळीची आहे: ‘हे उत्तर पटतं का, कशावरून?’ त्या ओळीला अर्धा गुण ठेवा, सगळे क्लासवाले दुसऱ्या दिवशी ती घोटून घ्यायला लागतील. घोटलेली का होईना, ती ओळ मुलाला विक्रमांचे आकडे पाहायला लावेल, मैदानावर घड्याळ धरायला लावेल आणि उत्तर अवास्तव आलं तर आधी स्वतःचा आकडा तपासायला लावेल. वीजबिल, औषधाचा डोस किंवा जाहिरातीतलं मायलेज वाचताना त्याला हीच सवय कामी येणार आहे.

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या आवृत्तीत कृपया ५० सेकंद घ्यावेत. तुमची गतिज ऊर्जा एक-चतुर्थांशावर येईल, विक्रमही जाईल. पण तुम्हाला गाठण्याची उमेद तरी एखाद्या मुलीला किंवा मुलाला वाटेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पुणेकर