वजडी कोण धुणार?

अहो, इकडे या जरा, भिंतीजवळ. अजून थोडं. सूनबाई मागं कपडे वाळत घालायलीय, तिच्या कानावर गेलं तर झालंच. ऐकलंत का, अक्कांकडं परवाच्या रविवारी काय झालं? नाही? कमाल करता बाई! दोन घरं सोडून राहता आणि तुम्हाला पत्ताच नाही?

आखाडाचं देवीला बोकड दिलं त्यांनी, हे तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. खाटीक दारात आला, बोकड सोललं, वाटे घातले. मटण पातेल्यात, काळीज-गुर्दा ताटलीत, मुंडी नि चार पाय पाटीत, रक्त मिठाच्या पाण्यात धरलेलं. आणि सगळ्यात शेवटी ती काळी पिशवी. वजडीची. अक्कांनी पिशवी उचलली आणि आपल्या नेहमीच्या थाटात विचारलं, "कोण धुणार गं?"

अहो, भांडी वाजायची थांबली! मोठी सून म्हणते, "अत्ता, मला ब्रँचला जायचंय, विड्या द्यायच्यात." रविवारी कुठली ब्रँच उघडी असते हो? धाकटीला एकाएकी लॅपटॉपवर मीटिंग आली. नात "यक्" म्हणून गच्चीवर पळाली ती जेवायला हाक मारेपर्यंत खाली आली नाही. आणि माहेरपणाला आलेली लेक, ती तर तोंडावरच म्हणाली, "आई, आता कोण खातं असलं? टाकून दे." टाकून दे! अक्कांचा चेहरा काय उतरला म्हणून सांगू. मी होते ना तिथं. कशाला म्हणजे? कोथिंबीर मागायला गेले होते.

अहो, ह्या बाईनं वजडीवर तीन पोरं वाढवली. 2006 ला आपण कुंभारीत राहायला आलो तेव्हाचं आठवतं ना? गोदूताईंच्या नावाची वसाहत, दहा हजार घरं, पंतप्रधान मनमोहनसिंग आले होते, त्या गर्दीत माझी एक चप्पल गेली ती गेलीच. तेव्हाही मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळल्या तरी हातात काय पडायचं? जेवढ्यात पाव किलो मटण यायचं तेवढ्यात आख्खी वजडी यायची, वर खाटीक फुफ्फुसाचा तुकडा तसाच टाकायचा. त्यात पाणी वाढवत जायचं नि भाकरी कुस्करत जायचं. आणि आता त्या खाटकालाच विचारा. बोनलेस द्या, चरबी काढा, हाड नको. रे नगरचं सोडाच, तिथं तर 2024 ला मोदींनी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या, सगळी नवी गिऱ्हाइकं. त्यांच्यातल्या पोरी मुंडीकडं बघतसुद्धा नाहीत म्हणतो तो. मुंडी त्यांच्याकडं बघते म्हणून भीती वाटते.

तर काय सांगत होते… हां, पिशवी. शेवटी अक्का स्वतःच बसल्या मोरीत. गुडघे धरलेले, तरी बसल्या. कढत पाणी, चिमूटभर खायचा चुना, आणि जुन्या चमच्याच्या कडेनं ती काळी साल खरवडायची. खरवडून निघाली ना, की खाली कशी पांढरी फेक, लवदार, अगदी आपल्या सोलापुरी टॉवेलसारखी दिसते बघा. हसू नका, नीट बघा पुढच्या वेळी, तेच विणकाम! आतडी काडीवर उलटी करून घ्यायची ते वेगळंच. दीड तास जातो. अहो, वजडीला चव नाही असं कुणी म्हणालं का त्या घरात? कुणीच नाही. प्रश्न मोरीचा होता. आयती ताटात आली असती तर त्याच लेकीनं बोटं चाटली असती, मी लहानपणापासून बघतेय तिला.

मधेच बोल्टनहून व्हिडिओ कॉल. अक्कांची थोरली नात, नर्स आहे ना तिकडं, पाचवा महिना आहे तिला. अक्कांनी ओल्या हातानंच फोन घेतला आणि सुरू, "काळीज खायलीस का गं? रक्त वाढतं. पाया पी रोज." तर ती काय म्हणावी? "आज्जी, इथं पोटुशीनं काळीज खायचंच नाही म्हणून सांगतात. त्यात अ जीवनसत्त्व फार असतं, जास्त झालं तर बाळाला बाधतं." अहो, अक्का नुसत्या बघत राहिल्या फोनकडं. सहा बाळंतपणं काढली त्यांनी ह्या वसाहतीतली, प्रत्येकीला काळीज चारलं, आणि ही काल शिकलेली पोर… पण पोरगी शहाणी आहे, लगेच विषय बदलला. म्हणाली, "आज्जी, तुमचे नातजावई इथं नाष्ट्याला काय खातात माहीत आहे का? ब्लॅक पुडिंग!"

मला वाटलं चॉकलेटचं असेल काहीतरी. तर कॅमेरा ताटलीवर नेला. काळ्याकुट्ट चकत्या. डुकराचं रक्त, ओट्स, चरबी, आतड्यात भरून उकडलेलं. अक्का म्हणाल्या, "म्हणजे रक्तीच की गं!" आणि अशा हसल्या, अशा हसल्या की पदर तोंडात कोंबायची पाळी आली. बोल्टनच्या शेजारी बरी म्हणून गाव आहे, तिथलं नामांकित म्हणे हे, बाजारात गरम गरम मिळतं. इथं असताना ह्याच जावयानं रक्तीचं ताट मागं सारलं होतं, "नको, मला चालत नाही" म्हणून. तेव्हा अक्कांचं तोंड एवढंसं झालं होतं. आता साहेबाच्या देशात चालायलंय!

आणि पुढचं ऐका. त्या भागात वजडीचीही दुकानं होती पूर्वी, एकाच कंपनीची शंभराच्या वर. का, तर कापडाच्या गिरण्या! बायका गिरणीत जायच्या, घरी चुलीपाशी तासन्‌तास कोण उभं राहणार? मग दुकानात धुतलेली, उकडलेली वजडी घ्यायची, व्हिनेगर शिंपडायचं, कांद्याबरोबर खायची. आमचे आजेसासरे जुन्या गिरणीत होते, 1877 ची ती आपली, तेही भोंगा झाला की येताना पाया घेऊन यायचे. म्हणजे बघा, तिकडं गिरणी, इकडं गिरणी, दोन्हीकडं वजडी. गिरण्या गेल्या आणि वजडीही गेली. तिथल्या आताच्या पोरांना म्हणे नावसुद्धा माहीत नाही. त्यात मग ते मॅड काऊ आलं, 1989 ला सरकारनंच गाईगुरांचा भेजा नि आतडी विकायला बंदी घातली, लोक आणखी धास्तावले. फक्त ते स्कॉटलंडवाले तेवढे जिद्दीचे. मेंढीचं काळीज, फुफ्फुस, हृदय कुटून ओट्समध्ये मिसळायचं, जठरात भरून शिजवायचं, हॅगिस म्हणतात त्याला, आणि 25 जानेवारीला त्यांच्या कवीच्या जयंतीला ते मानानं, वाद्यं वाजवत ताटात आणायचं. वर कविता म्हणायची! आपल्याकडं वजडीची मिरवणूक कुणी काढली का कधी? आपण तर दार लोटून खातो.

मी तरी कुठं धुतल्या तांदळासारखी आहे? खरं सांगते, कुणाला बोलू नका. आमच्या धाकटीला बघायला पाहुणे येणार होते, चुलीवर रक्ती होती. मी पातेलं उचललं आणि पलंगाखाली ढकललं, वर परडी झाकली. वास कसा झाकणार? उदबत्त्या लावल्या सहा. पाहुणी म्हणाली, "आज काही पूजा आहे का?" …जाऊ द्या.

ही लाज आजची नाही हो. त्या शाहू पाटोळ्यांचं पुस्तक आहे ना, 'अन्न हे अपूर्णब्रह्म', 2015 चं, आता इंग्रजीतही झालंय. त्यांच्या मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजायचं ते सगळं त्यात आहे, वजडी, रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या. भाचीनं आणलं होतं कॉलेजातून. तिच्या मैत्रिणीची आई नुसतं चाळून म्हणाली, "हे काय पुस्तकात लिहायचं असतं?" भाची म्हणाली, "काकू, खायचं असतं तर लिहायचंही असतं." पडला ना चेहरा!

आणि शिकारीचं तर नावच नको. आमचे सासरे नान्नजच्या बाजूचे. ससा, तित्तर, लावरी, जाळं लावून आणायचे, पावसाळ्यात चुलीत भाजायचे. 1972 चा वन्यजीवांचा कायदा आला, सगळं बंद झालं, आणि बरंच झालं म्हणा. कोपऱ्यावरचे सर आहेत ना, पेन्शनीतले, त्यांना असल्या गोष्टी फार पाठ. परवा कट्ट्यावर सांगत होते, रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजानं नगर भागात 1809 ते 1829 ह्या वीस वर्षांत 961 माळढोक मारले. नऊशे एकसष्ट! मेल्यानं मोजून ठेवले होते. आता नान्नजला 1979 पासून अभयारण्य आहे आणि एखादी मादी दिसली तर पेपरात बातमी येते.

बरं आठवलं, सर! मुख्य राहिलंच की. अहो, हे सर म्हणजे कोलेस्टेरॉलवर बोलायला लागले की थांबत नाहीत. "भेजा म्हणजे विष, वजडी म्हणजे युरिक ॲसिड," भिशीच्या जेवणात समोरच्याच्या ताटाकडं बोट करून सांगतात. आणि त्यांच्या बाईंचं तर एकच, "आमच्यात तसलं काही खात नाहीत हो."

तर रविवारी अक्कांनी वजडी धुतली, पण कमरेत अशी कळ आली की शिजवायला उठवेना. सुना काही हलेनात. तेवढ्यात सर आले प्रसादाला. टोपलीकडं बघून म्हणाले, "अक्का, वाया घालवू नका, आमच्या टॉमीला द्या." अहो, दीड तास खरवडलेली, टॉवेलसारखी पांढरी, ती कुत्र्याला! अक्का काही बोलल्या नाहीत. पिशवी बांधली आणि दिली. मला तर बाई बघवेना.

पण मंगळवारी मी खाटकाकडं गेले. सहज विचारलं, वजडीला गिऱ्हाईक कोण राहिलंय? तो म्हणतो, "आहे की. तुमच्या गल्लीतले सर. दर रविवारी सकाळी सातला फोन, दोन वजड्या बाजूला ठेव. कुत्रं आहे ना त्यांचं."

दोन! ते कुत्रं बघितलंय ना तुम्ही? मांजराएवढं आहे, पॉमेरेनियन.

आणि रविवारी रात्री मी गच्चीवर चादर काढायला गेले होते. सरांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्याकडंच उघडते, माझा काय दोष? असा खमंग वास सुटला होता, भाजलेलं खोबरं, लसूण, काळा मसाला… आतून बाई म्हणताहेत, "अहो, झाकण ठेवा, वास जाईल बाहेर."

माझा भाचा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. मी त्याला मुद्दाम फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मावशी, कुत्र्याला कांदा-लसूण अजिबात घालायचा नसतो, विष असतं त्याला."

मग ती फोडणी कुणाच्या टॉमीला हो?

शूऽ… त्या बघा, बाईच येताहेत दळण घेऊन. काही बोलू नका. …काय बाई, झालं का जेवण? टॉमी बरा आहे ना?