यात काही नाही

आमच्या नागावच्या नानांसमोर एखादी वस्तू बिघडली आहे, असं बोलायची सोय नाही. बोललात तर तो दिवस तुमचा राहत नाही.

मी ते विसरलो. गाडीत नवे स्पीकर बसवून चार दिवस झाले होते. शनिवारी सकाळी नागावला पोचलो आणि चहा पिता पिता काकूला सहज म्हणालो, "आवाज मोठा येतो गं, पण डग्गा गायब आहे. नुसती चाट वाजते. आणि ॲक्सिलरेटर दाबला की डासासारखी सूं सुरू होते." नाना तेव्हा मागे वाडीत, सुपारीला पाणी सोडत होते. पंप चालू होता. एरवी काकूने शेजारी उभं राहून तीनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नाही. पण 'सूं' हा शब्द त्यांनी पंपावरून ऐकला.

"यात काही नाही," असं म्हणत ते पुढच्या अंगणात आलेसुद्धा.

नानांच्या 'यात काही नाही'चे तीन प्रकार आहेत. लांबून म्हणाले तर दोन तास. वस्तू उघडल्यावर म्हणाले तर जेवण तीन वाजता. आणि चष्मा कपाळावर चढवून, स्वतःशीच हळू म्हणाले तर त्या वस्तूला मनातल्या मनात निरोप द्यावा.

मग सरंजाम निघतो. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा आणि बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा. या डब्यात घराच्या तीस वर्षांच्या दुरुस्त्यांचा इतिहास आहे. कारण नानांनी काहीही उघडून पुन्हा बंद केलं की एक स्क्रू उरतोच. मिक्सरचा, पंख्याचा, शिलाई मशीनचा. "कंपनीवाले एक जास्तच लावतात," असं म्हणून ते तो डब्यात टाकतात. मिक्सर, पंखा, मशीन मात्र चालतात, त्यामुळे वाद घालता येत नाही.

नानांचं पहिलं निदान ठरलेलं असतं: खारी हवा. टीव्ही बिघडला, खारी हवा. गुडघा दुखला, खारी हवा. पुतण्याचं लग्न जमेना, तेव्हाही त्यांनी एकदा समुद्राकडे बघितलं होतं. मी म्हटलं, "नाना, स्पीकर पनवेलला बसवलेत. समुद्र त्यांनी आज पहिल्यांदा बघितला." "तांब्याला तेवढं पुरतं," नाना म्हणाले. "हिरवं कीट चढतं." पण वायरी लख्ख निघाल्या, तेव्हा जरा हिरमुसले.

मग चाचणी. नाना गाण्यावर स्पीकर तपासत नाहीत. "गाण्यात दहा वाद्यं एकमेकांची पापं झाकतात. माणसाचा आवाज खोटं बोलत नाही." म्हणून आकाशवाणीच्या बातम्या लावल्या. पुढची दहा मिनिटं काम बंद, कारण नाना खरोखरच बातम्या ऐकत बसले.

बातम्या संपल्यावर सूंचा माग सुरू झाला. मी गाडीत बसून रेस द्यायची, नानांनी मान तिरकी करून ऐकायचं. रेस वाढली की सूंही चढायची. "अल्टरनेटर," नाना म्हणाले. "त्याची वीज गाण्यात शिरते. म्हणजे अर्थिंग कच्चं आहे." आणि मग अलिबागची वेधशाळा आली. ती येतेच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली ती वेधशाळा इकडे अलिबागला थाटली. बांधकामातसुद्धा चुंबकाला ओढ लावील असं सामान टाळलं. ट्राम धावली 1907 साली. "बघ, खरखर सुरू व्हायच्या आधी तीन वर्षं बंदोबस्त! नाहीतर तुमचे दुकानदार." हे सगळं ते अशा अभिमानाने सांगतात, की जणू सामान उतरवायला नाना स्वतः धक्क्यावर हजर होते.

डेक बाहेर ओढला. काळी वायर रंग दिलेल्या पट्टीवर स्क्रूखाली दाबलेली होती. नानांनी पॉलिश पेपरने रंग खरवडला, पत्रा चकाकला, वायर घट्ट आवळली. सूं गेली. मी टाळी द्यायला हात पुढे केला, तर नाना दाराकडे बघत होते. "आता डग्गा."

"पेन्सिल सेल आण," त्यांनी धाकट्याला फर्मावलं. घरात पेन्सिल सेल एकाच ठिकाणी असतो. माजघरातलं घड्याळ अकरा दहाला थांबलं. आतून काकूचा आवाज आला, "अहो, परत ठेवा हं! गेल्या खेपेला आरतीला उशीर झाला होता."

दारांची पॅडं उतरवली. दोन क्लिपा तुटल्या, त्यांचं पाप खाऱ्या हवेवर. डेकच्या मागचा कपलर काढून नानांनी पांढऱ्या वायरीला सेलचं प्लस आणि काळ्या पट्टीच्या पांढरीला मायनस टेकवलं. डाव्या दारात 'टक्' झालं. मग तेच करड्या जोडीला, उजव्या दारात 'टक्'. मुलांना दोन्हीकडे पडद्यावर नजर ठेवून बसवलं होतं.

"माझा बाहेर आला!" उजवीकडून ओरडा.

"माझा आत गेला!" डावीकडून.

नाना इतके खूष झाले की सेल हातातून पडला. दुकानदाराने गाडीचा मूळ कपलर कापून वायरी जोडल्या होत्या आणि डावीकडे प्लस-मायनस उलटं केलं होतं. पण नानांना नुसतं सांगून भागत नाही. पडवीतल्या झोपाळ्यावर त्यांनी मला बसवलं आणि दोन्ही मुलांना दोन कड्यांपाशी उभं केलं. दोघांनी एका वेळी ढकललं, झोपाळा उंच गेला. मग एकाने ढकलायचं, दुसऱ्याने त्याच वेळी ओढायचं. मी जागच्या जागी डचमळलो. "तू म्हणजे डग्गा," नाना म्हणाले. "एक स्पीकर हवा ढकलतो, दुसरा ओढतो. खर्जाचा आवाज तिथल्या तिथे मरतो." वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला खर्ज असा समजला.

वायरी उलटवल्या, टेप गुंडाळली, पॅडं बसवली. नानांनी स्वतः भजन लावलं. डग्गा असा घुमला की काकू पीठ लागलेले हात घेऊन दारात आली. आम्ही साडेतीनला जेवलो. माजघरात अजून अकरा दहाच झाले होते.

जेवताना नाना मात्र गप्प होते. दोनदा उठून अंगणात जाऊन आले, पायरीखाली बघितलं, डबा हलवला. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, आज एकही उरला नाही." त्यांचा चेहरा चिंतातुर होता.

रविवारी संध्याकाळी निघालो. भजन लावलं होतं, डग्गा सुरेख. पोयनाडच्या पुढे एका खड्ड्यात चाक गेलं आणि डाव्या दाराच्या पोटातून आवाज आला: खळ्. पुढच्या खड्ड्याला पुन्हा खळ्. वडखळपर्यंत त्याने मला लय धरून साथ केली. गाडी कडेला घेऊन फोन लावला.

"नाना, दारात काहीतरी वाजतंय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग सुटकेचा मोठा श्वास.

"हां! म्हणजे हिशेब लागला. पुढच्या शनिवारी ये. यात काही नाही."