हरवलेल्या गिगाबाइटांचा शोध : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

साहित्य : नवी कोरी हार्ड डिस्क, संगणक, दुकानाचं बिल आणि 'मी आधीच सांगत होतो' असं म्हणायला घरातला एक जाणता माणूस. स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. पण हातात असला की बघणाऱ्यांना धीर येतो.

पायरी १ : संतापा.

खोक्यावर १ टीबी छापलंय आणि पडद्यावर ९३१ जीबी दिसतंय. लगेच राइट क्लिक करून रिफ्रेश मारा. पुन्हा मारा. रिफ्रेशने जागा वाढल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही, पण प्रयत्नांत कसूर केली असं कुणी म्हणायला नको. मग केबल काढून, फुंकर मारून पुन्हा लावा. तरीही ९३१? उत्तम. तुमची डिस्क ठणठणीत आहे.

पायरी २ : दुकानदाराशी भांडायला निघण्याआधी भागाकार करा.

डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो. त्याचा टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्या बारा शून्यांच्या आकड्याला १०२४ने तीनदा भागा, ९३१ येतील. याच हिशेबाने ५०० जीबीचे ४६५ होतात आणि ४ टीबीचे सुमारे ३७२५ जीबी. १०२४च्या मापांना १९९८ साली गिबिबाइट, टेबिबाइट अशी वेगळी नावं मिळाली. विंडोज मात्र अजून जीबीच लिहितं. मॅक २००९पासून हजारानेच मोजतो, त्यामुळे हीच डिस्क तिथे पूर्ण भरते. म्हणजे ६९ जीबी परत मिळवायचा खात्रीचा उपाय आहे : नवा मॅक घ्या.

कोर्टात जायचा विचार असेल तर अमेरिकेत ते करून झालंय. डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलविरुद्धच्या दाव्यात २००६ साली तडजोड झाली आणि ग्राहकांना भरपाई म्हणून बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं. जागा कमी पडते म्हणणाऱ्याला जागा भरायचं साधन!

पायरी ३ : तूट मोठी असेल तर आकडा नीट वाचा.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. ४ टीबीच्या डिस्कमध्ये २०४८ जीबीपाशी रेघ आणि पुढे सुमारे १६७७ जीबीची काळी पट्टी, त्यावर 'अनअलोकेटेड' असं दिसतंय? हे एमबीआरचं काम. एमबीआर म्हणजे डिस्कचा सातबारा. १९८३च्या डॉसपासून चालत आलेल्या या उताऱ्यात सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिटांचाच रकाना आहे आणि सेक्टर ५१२ बाइटांचा. गुणाकार २.२ टीबीपाशी, म्हणजे विंडोजच्या मापाने २०४८ जीबीपाशी संपतो. त्यापलीकडची जमीन कुंपणात असली तरी उताऱ्यावर चढत नाही.

काळ्या पट्टीवर राइट क्लिक केल्यास 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' हा पर्याय फिकट दिसेल. त्यावर जोरात क्लिक करू नका, माउस बिघडतो. डिस्क जीपीटी या नव्या उताऱ्यावर चढवून घ्या. मात्र डिस्क मॅनेजमेंटला त्यासाठी डिस्क कोरी लागते. तेव्हा आधी सगळा डेटा दुसरीकडे हलवा. दुसरीकडे म्हणजे दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कवरच्या 'नवीन फोल्डर (२)'मध्ये नव्हे. आणि याच डिस्कवरून विंडोज सुरू होत असेल, तर मदरबोर्ड जीपीटीवरून सुरू होणारा, म्हणजे यूईएफआयवाला आहे ना ते आधी पाहा.

पायरी ४ : संगणक माळ्यावरून काढलेला असल्यास उत्खनन करा.

१३७ जीबीवर अडलात? सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा आहे. एक्सपीचा पहिला सर्व्हिस पॅक येईपर्यंत विंडोजला त्यापुढचं दिसत नव्हतं. ८.४ जीबीवर अडलात तर बायोस नव्वदच्या दशकातलं. ५२८ एमबीवर अडलात तर मशीन संग्रहालयाला द्या. प्रत्येक आकड्यामागे 'एवढी जागा कोण भरणार?' असं म्हणणारा एखादा शहाणा इंजिनिअर आहे. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवत असेल, तर जुना ड्रायव्हर किंवा जुनी यूएसबी पेटी २०४८पर्यंत मोजून पुन्हा शून्यापासून सुरू झाली आहे. तिथे डिस्क नको, ड्रायव्हर किंवा पेटी बदला.

पायरी ५ : क्लोन केलं असेल तर भिंत शोधा.

२५६ जीबीच्या एसएसडीवरून १ टीबीवर क्लोन केलं आणि सी ड्राइव्ह होता तेवढाच राहिला, ही भाच्याला फोन लावायची वेळ. भाचा 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' म्हणेल आणि तोही पर्याय फिकट निघेल. कारण सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलंय, आणि विंडोजला लगतची उजवीकडचीच जागा जोडता येते. पार्टिशन हलवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते शेवटाला सरकवा. अर्थात बॅकअप घेऊनच.

पायरी ६ : सगळं बरोबर दिसत असेल तर घाबरा.

काहीशे रुपयांत मिळालेला २ टीबीचा पेन ड्राइव्ह संगणकाने एका झटक्यात पूर्ण ओळखला? आतली चिप थोडक्या जीबीची असून कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असू शकतं. जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर चढतात किंवा हवेत विरतात, आणि लग्नाचे फोटो उघडेपर्यंत ते कळत नाही. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून खरी जागा सांगतं. वेळ खातं, खाऊ द्या.

कमी जागा दाखवणारा संगणक बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. स्वस्तात जास्त दाखवणाऱ्या ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, आणि परतीची मुदत संपायच्या आत तो तपासून घ्या.