उभं राहून करून घेतलेलं काम

जुन्या इमारतीत एक नाना असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे दादासाहेब, कुठे नुसतंच 'खालचे काका'. त्यांची नेमणूक कुणी केलेली नसते, सोसायटीच्या सभेत तसा ठराव झालेला नसतो. तरी इमारतीत कुणाच्याही घरी छन्नीवर हातोड्याचा पहिला ठोका पडला, की दुसरा पडायच्या आत ते दारात हजर. अंगात बंडी, खाली लेंगा, हातात टॉर्च.

"काय काढलंय?"

या प्रश्नाला 'काही नाही' हे उत्तर चालत नाही. ते देऊन पाहिलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नंतर त्यांना चहा देऊनच घालवलं, तेही संध्याकाळी.

आमच्या इमारतीतले नाना सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झाले. म्हणजे खात्यापुरते झाले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं आणि पुढच्या काही वर्षांत बरीच मंडळी नदीपासून लांब सोसायट्या काढून राहायला गेली. त्यांतलीच आमची एक. आरसीसीचा सांगाडा नाही, सगळा भार भिंतींवर. इमारत उठत होती तेव्हा नाना डिप्लोमाला होते आणि वडिलांना वेळ नसल्यामुळे त्यांच्या वतीने बांधकामावर जाऊन उभे राहायचे. त्या वयात इतर मुलांना जी व्यसनं लागतात त्यांतलं एकही नानांना लागलं नाही. हे लागलं.

नानांच्या हिशेबात जगातल्या कामांचे दोनच वर्ग आहेत. एक, कुणीतरी उभं राहून करून घेतलेलं. दुसरं, बाकीचं सगळं. पहिल्या वर्गात आमची इमारत येते, काही धरणं येतात आणि त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न येतं. दुसऱ्या वर्गात गावातले सगळे नवे पूल. स्वतः नानांनी स्क्रू पिळल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. पक्कड त्यांच्या घरी आहे, पण ती नानी नारळ सोलायला वापरतात. नानांचं हत्यार टॉर्च. खुर्ची दिली तर बसत नाहीत, कारण बसून पाहिलेलं काम त्यांच्या लेखी पाहिलेलंच नसतं.

तर आमच्याकडे न्हाणीघरात एक्झॉस्ट फॅन बसवायचा होता. कारण प्रत्येक जुन्या घरात असतं तेच. पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही, छताला काळे ठिपके, वरच्या कोपऱ्यातल्या गिलाव्याचे पोपडे निघून अंघोळीच्या बादलीत पडतात. इलेक्ट्रिशियन आला, एका कानाला फोन लावूनच आला. वर बघितलं, काचेच्या पट्ट्यांची खिडकी बघितली आणि म्हणाला, "वरच्या दोन पट्ट्या काढू, तिथं ॲक्रिलिकची शीट टाकू, शीटला गोल भोक पाडून फॅन बसवू. तासाभराचं काम आहे."

'तासाभराचं' हा शब्द जिन्यातून खाली कसा पोचला ते देव जाणे. नाना आले.

"खालच्या पट्ट्यांचं काय करणार?"

"त्या राहतील की काका. उजेडाला."

नानांनी टॉर्च खिडकीवर मारला. भर दुपार होती, पण ती त्यांची पद्धत आहे. "म्हणजे फॅन वरून हवा बाहेर टाकणार आणि खालच्या फटींतून तीच हवा आत घेणार. खोलीतली वाफ बिचारी बघत बसणार. तू खिडकीला फॅन लावतोयस, न्हाणीघराला नाही."

पोराने कानाचा फोन काढला. हे मला महत्त्वाचं वाटलं.

नानांचं म्हणणं बरोबर होतं, आणि हाच नानांचा खरा त्रास आहे. माणूस नुसता बडबड्या असला तर आपण मान डोलावून आपलं काम चालू ठेवतो. नानांचं दहापैकी आठ वेळा बरोबर निघतं आणि उरलेल्या दोन वेळा ते चुकले हे सिद्ध करायला भिंत पाडावी लागते.

फॅनच्या मापावरून पुढचा तास गेला. आमच्या मेहुण्यांनी १२ इंची घ्यायला सांगितला होता, मोठा असलेला बरा म्हणून. नानांनी एका लग्नपत्रिकेचं पाकीट मागितलं आणि त्यावर गणित मांडलं. न्हाणीघर ६ फूट बाय ४ फूट, उंची १० फूट, म्हणजे २४० घनफूट हवा. ती तासाला आठ वेळा बदलली तरी मिनिटाला ३२ घनफूट पुरे. ६ इंची साधा पंखाही ताशी अडीचशे घनमीटरच्या आसपास हवा टाकतो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ दीडशे घनफूट. "दोन मिनिटांत खोली रिकामी! १२ इंची लावलास तर अंघोळ करणाऱ्याला कडी धरून उभं राहावं लागेल." मेहुण्यांना हा निरोप फोनवरून कळवण्यात आला. ते अजून रागावलेले आहेत.

मग नानांचा टॉर्च कोपऱ्यातल्या गॅस गिझरवर पडला आणि त्यांचा सूर बदलला. एवढा वेळ त्या आवाजात जी मौज होती ती गेली.

"हा आत आहे तोवर फॅन लावायचा नाही."

"नाना, फॅन लागला की हवा खेळती राहील ना?"

"उलट होईल. हा जळताना आतलीच हवा खातो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड करतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला काही कळत नाही. माणूस अंघोळीला बसतो तो बसूनच राहतो. आणि वरून फॅन जर खोलीतली हवा ओढायला लागला, तर गिझरचा जळका वायू वर जायच्या ऐवजी पुन्हा खोलीत येऊ शकतो. आधी हा बाहेर गॅलरीत काढा. भोकं नंतर पाडू."

कुणी वाद घातला नाही. गिझर गॅलरीत गेला. तो हलवताना नाना उभे होते, पण एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून ही पहिलीच वेळ.

खिडकीच्या फटी बंद करून फॅन भिंतीतच बसवायचं ठरलं. भोक पाडायच्या दिवशी नाना पुन्हा मूळपदावर आले. बाहेरची भिंत दीड विटेची, गिलाव्यासकट १४ इंचांच्या पुढे. त्यामुळे नुसता फॅन त्यात मावून भागणार नव्हतं. आरपार पीव्हीसीचा पाइप टाकायचा आणि तोही बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, म्हणजे पावसाचं पाणी आणि आत धरलेला वाफेचा ओलावा घरात न येता बाहेर गळेल. हे सगळं नानांनी गवंड्याला सांगितलं. गवंड्याला ते माहीत होतं. त्याने ते माहीत नसल्यासारखं ऐकून घेतलं. या व्यवसायात टिकायला हे लागतं.

"लिंटेलला हात लावायचा नाही. डावीकडे पाण्याचा पाइप वर गेलाय, तिकडेही नाही." नानांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवत वाजवत एक जागा काढली, खडूने गोल मारला. "इथं. इथं पोकळ वाजतंय."

गवंड्याने गिलावा उडवला. आत विटा दिसायला हव्या होत्या. दिसला तो एक गोल. चांगला हातभर खोल जाणारा, सिमेंटने ठासून भरलेला गोल, त्याच्या कडेला काजळीचा काळा पट्टा. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. पोपडे पडणाऱ्या त्या कोपऱ्यात कुणीतरी आधीच एक भोक पाडलेलं होतं.

"बंबाचं धुराडं!" आमची आई दारातून म्हणाली. "इथंच बंब असायचा आपला. मामंजींनी बसवला होता. त्याचा धूर जायला पाइप होता इथून."

"आणि मग बुजवला कुणी?" इलेक्ट्रिशियनने विचारलं. त्याच्या आवाजात जुन्या कामाला नावं ठेवण्याची तयारी होती. आधीच्या माणसाला शिव्या घातल्याशिवाय या धंद्यात कुणी पिशवी उघडत नाही.

नानांनी टॉर्च बंद केला. पुन्हा लावला.

"मीच," ते म्हणाले. "बंब काढला तेव्हा. उभं राहून बुजवून घेतलं. पावसाचं पाणी येत होतं आत." आणि मग मान वर करून, "सिमेंट परमिटवर मिळायचं तेव्हा. आमच्या वाट्याचं अर्धं पोतं दिलं होतं मी."

म्हणजे आमच्या न्हाणीघरातली हवा गेली कित्येक दशकं जिथून बाहेर जायला बघत होती, तिथे नानांचं अर्धं पोतं बसलेलं होतं. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. नाना खुलले. गवंडी तो गोळा फोडायला बसला आणि फुटेना. छन्नीला धार लावून आणली. तरी कपच्याच उडत होत्या. प्रत्येक कपचीगणिक नानांची छाती फुगत होती. "बघ! हे बघ काम! हलतंय का?" दुपारचं जेवण झालं, भाड्याचं मशीन आलं, धूळ पार देवघरापर्यंत गेली आणि शेवटी ते अर्धं पोतं हरलं. नानांनी त्यातला मुठीएवढा तुकडा उचलून खिशात टाकला.

वायरिंगचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आठवला की आई अजून सुस्कारा टाकते. सागवानी पट्टीवर ठोकलेली जुनी वायर, आत ॲल्युमिनियमची तार, अर्थिंगचा पत्ता नाही. इलेक्ट्रिशियन तिला नव्या तांब्याच्या वायरीची शेपटी जोडून मोकळा होणार होता. नानांनी तो सांधा पुढे ढिला होऊन तापतो हे सांगितलं, मग मीटरपासून नवी लाइन ओढली गेली, अर्थिंग आलं, ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आला. फॅनची किंमत त्या खर्चापुढे रुखवतातल्या चकलीइतकी उरली.

फॅन सुरू केला. मागची झडप उघडली, छान घुर्र आवाज आला. आम्ही दार लावून आत उभे राहिलो: मी, इलेक्ट्रिशियन आणि नाना, चोवीस चौरस फुटांत. अर्ध्या मिनिटाने मोरीतून असा वास आला की तिघेही एकदम बाहेर पडलो.

"फॅन उलटा बसवला का रे?" मी विचारलं.

नाना मात्र उदबत्ती आणायला गेले होते. ती पेटवून त्यांनी आधी दाराच्या फटीशी धरली. धूर सरळ वर. दार इतकं घट्ट बसलेलं होतं की फटच नव्हती. मग मोरीच्या जाळीशी धरली. धूर जाळीकडून खोलीत झुकला. नानांचा चेहरा उजळला. "बाहेर जायला वाट केली. आत यायला कुठाय? हवा कुठून तरी येणारच. तुमच्या मोरीला पाणी धरणारा ट्रॅप नाही, जुन्या मोरीला नसायचाच. तिथूनच ओढतोय." थोडं थांबून, अगदी निरागसपणे, "दार खालून पाऊण इंच कापावं लागेल. आणि प्लंबर."

दार सागवानी. मामंजींच्या वेळचं. आईने नानांकडे बघितलं, नानांनी आईकडे. हे दार लावलं तेव्हा नाना उभे होते आणि ते इतकं घट्ट बसावं म्हणून सुताराला तीनदा रंधा मारायला त्यांनीच लावला होता, हे दोघांनाही माहीत होतं. पण आई एवढंच म्हणाली, "कापा. पण तुम्ही खाली बसा. वर यायचं नाही."

दार कापलं. मोरीला ट्रॅप बसला. पुढच्या पावसात टॉवेल वाळला, छताचे ठिपके पुन्हा आले नाहीत, बादलीत पोपडा पडला नाही. कबुतरांना बाहेरचा पाइप आवडला होता, त्यावर जाळी लावून घेतली.

इलेक्ट्रिशियनने जाताना माझ्याकडून पैसे घेतले आणि नानांकडून नंबर. मला वाटलं सौजन्य असेल. आठवड्याभराने स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबरने वर कुठे कॉक आहे ते विचारलं. इमारतीत ते ठाऊक असलेला माणूस एकच. मी खाली जाऊन बेल वाजवली.

नानी पक्कड हातात घेऊन दारात आल्या. "नाहीयेत. सकाळी तो तुमचा वायरमन येऊन स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेला. कसब्यात कुठला वाडा आहे म्हणे, भिंत मातीची, फॅन बसवायचाय." त्यांनी नारळाची शेंडी उपटली. "डबा नेलाय. साइटवर आहेत, संध्याकाळी यायचे."